फायर टीव्ही स्टिक ४के: स्टिक भारी, पण ‘नो सिग्नल’ का येतो?

टीव्हीचा पडदा अजून झकास आहे, पण त्यातली अ‍ॅप्स रडतखडत चालतात, अशी अवस्था असेल तर अ‍ॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक ४के, म्हणजे टीव्हीच्या मागे खोचून अ‍ॅप्स चालवणारं छोटं उपकरण, डोळे झाकून घ्यावी. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर १०+ (उजेड-अंधार नि रंग खुलवणाऱ्या एचडीआर पद्धती), डॉल्बीचा चहूबाजूंचा आवाज म्हणजे अ‍ॅटमॉस हे सगळं एवढ्याशा वस्तूत मिळतं आणि टीव्हीचा आवाजही तिच्याच रिमोटवरून कमी-जास्त होतो. मेन्यूत जाहिराती जास्त आहेत, हा तिचा दोष. तो सोडला तर स्टिकबद्दल तक्रारीला फार जागा नाही.

तक्रारी येतात त्या स्टिक आणि टीव्ही यांच्या मधल्या सांध्याच्या, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच प्लगमधून नेणाऱ्या एचडीएमआयच्या. कोल्हापुरात राजारामपुरीतून किंवा शाहूपुरीतून स्टिक घेऊन घरी गेलेला माणूस ‘चित्र चांगलं नाही’ असं सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, चित्रच येत नाही, येतं नि जातं, चित्र आहे पण आवाज नाही. मग स्टिक खराब निघाली किंवा टीव्हीचं बोर्ड गेलं, असा निकाल परस्पर लावला जातो आणि घरी मेकॅनिक येतो. हे दोन्ही निकाल क्वचितच खरे ठरतात. वीज, केबल आणि टीव्हीतलं एखादं सेटिंग या तीन गोष्टी याच क्रमाने तपासल्या तर बहुतेक तक्रारी घरच्या घरी मिटतात. म्हणून या परीक्षणात आम्ही अ‍ॅपपेक्षा या सांध्यालाच जास्त जागा दिली आहे.

बॉक्समधल्या दोन दुर्लक्षित वस्तू

बॉक्समध्ये स्टिक, रिमोट, दोन सेल, मायक्रो यूएसबीची वायर, ५ व्होल्ट १ अँपियरचा अ‍ॅडॅप्टर आणि वीतभरही नसलेला एचडीएमआय एक्स्टेंडर येतो. यातला अ‍ॅडॅप्टर आणि एक्स्टेंडर बऱ्याच घरांत बॉक्ससकट माळ्यावर जातात. अर्ध्या तक्रारींचं मूळ तिथे आहे.

टीव्हीच्या मागे यूएसबी पोर्ट दिसतो, वायर तिथे बसते, वेगळा पॉइंट लागत नाही, भिंतीवर वायर लोंबत नाही. मोह पडणं साहजिक आहे. पण यूएसबी २.० पोर्टची क्षमता ५०० मिलिअँपियर, यूएसबी ३.० ची ९००. स्टिकला मागणीच्या वेळी १ अँपियर लागतो. मेन्यू चालू होतो, गाणीही वाजतात, पण ४के एचडीआर चित्रपट लावला की प्रोसेसर आणि वायफाय दोन्ही जोरात काम करतात, व्होल्टेज खाली बसतं, पडदा काळा पडतो आणि स्टिक पुन्हा पहिल्या लोगोवर येते. कधी स्टिक स्वतःच वीज अपुरी असल्याची सूचना दाखवते. ती सूचना ‘ओके’ दाबून घालवू नका, तिथेच दुरुस्ती करा. दुसरी अडचण अशी की बऱ्याच टीव्हींचा यूएसबी पोर्ट टीव्ही बंद केला की बंद होतो. मग प्रत्येक वेळी स्टिक नव्याने सुरू होते, रात्रीचं अपडेट अर्धवट राहतं, आणि टीव्ही चालू केल्यावर पहिला मिनिटभर ‘नो सिग्नल’ दिसतो.

एचडीएमआयच्या पोर्टमधूनच वीज का मिळत नाही, असंही विचारलं जातं. त्यात ५ व्होल्टची पिन आहे, १८ नंबरची. पण ती वीज स्टिककडून टीव्हीकडे जाते, टीव्हीकडून स्टिककडे नाही. आणि तिच्यावर ५५ मिलिअँपियरचीच हमी असते. तेवढ्यात टीव्हीची ओळख वाचता येते, स्टिक चालत नाही.

जुन्या मोबाइलचा चार्जर लावायचा असेल तर त्याच्यावर ‘आउटपुट ५ व्होल्ट, १ अँपियर’ किंवा जास्त लिहिलेलं असावं. अँपियर जास्त असले तर बिघडत नाही, स्टिक हवी तेवढीच वीज घेते. वायर मात्र बॉक्समधलीच वापरा. बारीक तांब्याच्या तीन मीटरच्या स्वस्त वायरमध्ये व्होल्टेज वाटेतच पडतं आणि चांगला चार्जर लावूनही स्टिक रीस्टार्ट होत राहते.

आता एक्स्टेंडर. भिंतीला चिकटवलेल्या टीव्हीमागे जेमतेम दोन-तीन बोटं जागा असते. स्टिक थेट खुपसली की ती वाकते, तिचा सगळा भार पोर्टवर येतो आणि पोर्टची सोल्डरिंग सैल होते. शिवाय टीव्हीच्या पाठीच्या पत्र्याला चिकटल्यामुळे स्टिक तापते आणि वायफाय दबतं. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जाड भिंतींच्या जुन्या घरांत राउटर सोप्यात आणि टीव्ही मधल्या खोलीत असला तर हा फरक लगेच जाणवतो. एक्स्टेंडरने स्टिक कडेला, मोकळ्या हवेत येते. पण एक्स्टेंडर म्हणजे वाटेतला आणखी एक जोड आहे, हेही विसरू नका. ४के चित्र लुकलुकत असेल तर तपासणीपुरता तो काढून बघा. काढल्यावर चित्र स्थिर झालं तर बिघाड स्टिकमध्ये नाही.

जागा फारच कमी असेल तर काटकोनी अ‍ॅडॅप्टर मिळतो. तो दोन जातींत येतो, ९० अंश आणि २७० अंश. एकात स्टिक वर वळते, दुसऱ्यात खाली. घेण्याआधी टीव्हीच्या पोर्टची रुंद बाजू वर आहे की खाली, याचा मोबाइलवर फोटो काढून दुकानात न्या. चुकीचा आणला तर तो शेजारच्या पोर्टवर किंवा टीव्हीच्या बॉडीवर आपटतो.

चित्र येण्याआधी काय घडतं

एचडीएमआयच्या प्लगमध्ये १९ पिना असतात, त्यातल्या चित्र-आवाज नेणाऱ्या १२. बाकीच्या पिना बोलाचालीच्या. स्टिक चालू झाली की तीन टप्पे होतात. १९ नंबरच्या पिनवर टीव्ही ‘मी जोडलेला आहे’ असा इशारा देतो. मग १५ आणि १६ नंबरच्या पिनांवरून स्टिक टीव्हीची माहिती वाचते: किती रिझोल्युशन, किती हर्ट्झ (सेकंदाला किती चित्रं), कोणता एचडीआर, कोणता आवाज. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. शेवटी एचडीसीपी, म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून दोघांमध्ये होणारी किल्ल्यांची देवाणघेवाण. या तीनपैकी एक जरी टप्पा अडला तरी पडद्यावर दिसतं ते एकच, ‘नो सिग्नल’ किंवा काळा पडदा. म्हणून लक्षण बारकाईने बघायला हवं.

संपूर्ण काळा पडदा आणि ‘नो सिग्नल’ असेल तर पहिला टप्पा अडला आहे: स्टिकला वीज नाही, प्लग अर्धवट बसला आहे किंवा टीव्हीचा इनपुट चुकीचा निवडला आहे. स्टिकवर दिवा नसतो, त्यामुळे ती जिवंत आहे का हे हात लावून बघा. दहा मिनिटांत ती कोमट व्हायला हवी. मेन्यू दिसतो पण चित्रपट लावला की काळं होतं किंवा अ‍ॅप एचडीसीपीचा एरर दाखवतं, तर तिसरा टप्पा अडला. चित्रावर चमचमणारे पांढरे-हिरवे ठिपके, मध्येच रेघ, किंवा दर थोड्या वेळाने एक-दोन सेकंद काळं होऊन परत येणं, हे केबलचं किंवा जोडाचं लक्षण आहे. सगळं चित्र गुलाबी किंवा हिरवट झालं तर रंगाच्या भाषेत गोंधळ झाला आहे: स्टिक एका पद्धतीने रंग पाठवते, टीव्ही दुसऱ्या पद्धतीने वाचतो. स्टिकच्या डिस्प्ले मेन्यूत कलर फॉरमॅट बदलून किंवा दोघांची वीज तोडून पुन्हा जोडल्यावर ते बहुधा जातं.

एक गोष्ट मात्र बिघाड नाही. ‘मॅच ओरिजिनल फ्रेम रेट’ चालू असेल तर चित्रपट सुरू होताना आणि संपताना सेकंद-दोन सेकंद पडदा काळा होतो. स्टिक ६० हर्ट्झवरून २४ वर जाते आणि टीव्ही नव्याने जुळवून घेतो. हे खटकत असेल तर ते सेटिंग बंद ठेवा.

तपासायचं कसं

आधी वीज पूर्ण तोडा. रिमोटने बंद करून उपयोग नाही. टीव्हीचा प्लग भिंतीतून काढा, स्टिकचा अ‍ॅडॅप्टर काढा, एचडीएमआय काढा. सेट-टॉप बॉक्स आणि साउंडबार जोडलेले असतील तर त्यांचीही वीज काढा, कारण त्यांच्या ५ व्होल्टमुळे टीव्हीचा तो भाग अर्धवट जागा राहतो. दोन मिनिटं थांबा. मग आधी एचडीएमआय पूर्ण खोल बसवा, टीव्ही चालू करा, त्या पोर्टचा इनपुट निवडा, आणि सगळ्यात शेवटी स्टिकला वीज द्या. अडकलेली बोलाचाल पहिल्यापासून सुरू होते. साधा उपाय आहे, पण सगळ्यात जास्त वेळा हाच लागू पडतो.

एवढ्याने भागलं नाही तर अदलाबदल करायची, एका वेळी एकच वस्तू. स्टिक टीव्हीच्या दुसऱ्या पोर्टात लावा. तिथे चालली तर पहिला पोर्ट किंवा त्याचं सेटिंग दोषी. नाही चालली तर एक्स्टेंडर काढून थेट लावा. तरीही नाही तर त्याच पोर्टात सेट-टॉप बॉक्स किंवा लॅपटॉप लावून बघा. तो दिसला तर टीव्ही ठीक आहे. मग स्टिक शेजाऱ्यांच्या टीव्हीला, स्वतःच्याच अ‍ॅडॅप्टरसकट लावा. तिथेही अंधार असेल तरच स्टिक गेली म्हणा. दोन-दोन वस्तू एकदम बदलल्या की चित्र येतं, पण कशामुळे आलं ते कळत नाही, आणि आठवड्याने तीच तक्रार परत येते.

जुन्या टीव्हीवरून नव्यावर किंवा ४के टीव्हीवरून प्रोजेक्टरवर स्टिक हलवली की ती कधी कधी आधीच्याच रिझोल्युशनला अडून बसते. नव्या पडद्याला ते झेपत नाही आणि काहीच दिसत नाही, त्यामुळे सेटिंगमध्येही जाता येत नाही. अशा वेळी रिमोटवरचं वरच्या बाणाचं आणि रिवाइंडचं बटण एकत्र पाच सेकंद दाबून धरा. स्टिक दर दहा सेकंदांनी नवं रिझोल्युशन लावून बघते. चित्र दिसलं की ‘यूज करंट रिझोल्युशन’ निवडा. हे बटणांचं जोड लक्षात ठेवण्यासारखं आहे आणि बॉक्समधल्या कागदावर ते ठळक छापायला हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं. स्टिक नुसती गोठली असेल तर मधलं गोल बटण आणि प्ले-पॉज एकत्र दाबून धरल्यावर ती रीस्टार्ट होते.

टीव्हीच्या आतलं कुलूप

४के टीव्ही घेतला, ४के स्टिक लावली, तरी ४के किंवा एचडीआर येत नाही. इथे केबल बदलून पैसे घालवण्याआधी टीव्हीचं सेटिंग उघडा. बरेच टीव्ही कारखान्यातून निघताना प्रत्येक पोर्ट जुन्या, कमी क्षमतेच्या पद्धतीवर ठेवतात, म्हणजे जुना डीव्हीडी प्लेअर लावला तरी चालावा. पूर्ण क्षमता हाताने चालू करावी लागते. सॅमसंगमध्ये त्याचं नाव ‘इनपुट सिग्नल प्लस’, आधीच्या मॉडेलांत ‘एचडीएमआय यूएचडी कलर’. एलजीमध्ये ‘एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर’. सोनीत ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’, आणि त्यात ‘स्टँडर्ड’ऐवजी ‘एनहान्स्ड’. अनेक स्वस्त अँड्रॉइड टीव्हींत ‘एचडीएमआय व्हर्जन’ किंवा ‘ईडीआयडी व्हर्जन’ म्हणून १.४ आणि २.० असे दोन पर्याय दिसतात. हे सेटिंग पोर्टागणिक वेगळं असतं. स्टिक दोन नंबरला आणि सेटिंग एक नंबरचं बदललं, असं सर्रास होतं.

काही टीव्हींत सगळे पोर्ट सारखे नसतात. पोर्टच्या बाजूला बारीक अक्षरात ‘४के ६० हर्ट्झ’, ‘एचडीसीपी २.२’, ‘एआरसी’ (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे नेणारा), ‘एसटीबी’ (सेट-टॉप बॉक्सचा) असं लिहिलेलं असतं. स्टिकची जागा पहिल्या दोनपैकी खूण असलेल्या पोर्टात. ४केसाठी एचडीसीपी २.२ लागतंच. ते नसलेल्या पोर्टात अ‍ॅप गुपचूप १०८०पी (फुल एचडी) किंवा त्याहून कमीवर येतं किंवा एरर दाखवतं.

उलटही होतं. एचडीआर नावापुरतंच असलेल्या स्वस्त टीव्हीवर स्टिकचा मेन्यू फिका, मळकट दिसतो. स्टिकच्या सेटिंग्जमध्ये डिस्प्ले अँड साउंड्स, मग डिस्प्ले, मग डायनॅमिक रेंज सेटिंग्ज इथे जा आणि ‘ऑलवेज एचडीआर’ असेल तर ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’ करा. एचडीआर चित्रपटापुरतंच एचडीआर लागेल. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर दोष टीव्हीच्या पिक्चर साइझचा. एलजीत ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगमध्ये ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’ शोधा.

केबल घेताना

स्टिकला केबल लागत नाही, पण साउंडबार, प्रोजेक्टर, सेट-टॉप बॉक्स यांना लागते, आणि बाजारात सगळ्यात जास्त फसवणूक केबलमध्येच आहे. खोक्यावर ‘२.१ व्हर्जन, ८के, गोल्ड प्लेटेड’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. व्हर्जन हे उपकरणाचं असतं, केबलचं नसतं. केबलला असतो वर्ग: हाय स्पीड म्हणजे सेकंदाला १०.२ गिगाबिट, प्रीमियम हाय स्पीड म्हणजे १८, अल्ट्रा हाय स्पीड म्हणजे ४८. सोन्याच्या मुलाम्याने गंज कमी लागतो, वेग वाढत नाही.

आता हिशोब बघा. १०८०पी ६० हर्ट्झ चित्राला ४.४६ गिगाबिट लागतात. ४के ३० हर्ट्झला ८.९१. ४के ६० हर्ट्झला, रंगात काटछाट न करता, १७.८२. म्हणजे जुन्या टीव्हीवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेली केबल नव्या ४के टीव्हीवर ठिपके दाखवायला लागली तर त्यात नवल नाही. ती खराब झालेली नाही, तिच्यावर चौपट काम आलं आहे. ‘कालपर्यंत चालत होती’ हे वाक्य इथे पुरावा म्हणून धरू नका.

घरासाठी प्रीमियम हाय स्पीडची एक किंवा दोन मीटरची केबल पुरते. खऱ्या प्रमाणित केबलच्या खोक्यावर क्यूआर कोड असलेलं लेबल असतं आणि ते एचडीएमआयच्या केबल सर्टिफिकेशन अ‍ॅपने तपासता येतं. काउंटरवरच तपासा. लेबल नसलेली केबल चालणारच नाही असं नाही, पण मग दुकानदाराकडून ‘४के ६० हर्ट्झला चालली नाही तर बदलून देईन’ एवढं बिलावर लिहून घ्या. लांबी गरजेपेक्षा जास्त घेऊ नका. टीव्हीमागे पाच मीटर केबलचं वेटोळं करून ठेवण्यात तोटाच आहे.

तीन उपकरणं आणि एकच पोर्ट म्हणून तीनाला एक असा स्विच घेतला जातो. त्यावर १८ गिगाबिट आणि एचडीसीपी २.२ दोन्ही लिहिलेलं नसेल तर स्टिक त्यातून जोडू नका. स्विचला सेट-टॉप बॉक्स द्या, स्टिकला थेट पोर्ट द्या.

फ्लॅट आणि तालमीचा हॉल

नागाळा पार्क, रुईकर कॉलनी, ताराबाई पार्क भागातल्या नव्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या भिंतीत वायरमनने पाइप आधीच टाकून ठेवलेला असतो, आणि तो बहुधा २० किंवा २५ मिलिमीटरचा. एचडीएमआयच्या प्लगचं धातूचं तोंडच १४ मिलिमीटर रुंद, त्यावरचं प्लास्टिक त्याहून जाड. एखादं वळण आलं की प्लग पाइपात अडकतो आणि ओढाताणीत तुटतो. घराचं काम चालू असेल तर निदान ४० मिलिमीटरचा पाइप टाकायला सांगा, वळणं मोठी ठेवा, आत ओढदोरा सोडून ठेवा. पाइप आधीच बारीक असेल तर लहान टोकाची, सुट्या प्लगची फायबर केबल मिळते, ती ओवता येते.

फुटबॉलचा मोसम आला की तालमीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लागतो, आणि तिथे अडचण लांबीची असते. मागच्या भिंतीजवळचा प्रोजेक्टर आणि पुढची स्टिक यांत दहा मीटर अंतर सहज होतं. तांब्याची दहा मीटरची केबल ४के ६० ला भरवशाची नाही. ८९व्या मिनिटाला पडदा काळा झाला की अख्खी गल्ली ओरडते. पण असा प्रोजेक्टर बहुधा १०८०पीचाच असतो, म्हणून स्टिकच्या व्हिडिओ रिझोल्युशनमध्ये ‘ऑटो’ काढून १०८०पी नक्की करा. लागणारा वेग १८ वरून साडेचारवर येतो आणि तीच केबल बरेचदा निमूट चालते. यादीत १०८०पी ५० हर्ट्झही आहे. आपल्याकडचं प्रसारण ५० चं असल्यामुळे धावता चेंडू त्यावर जास्त सलग दिसतो. प्रोजेक्टर ते घेत असेल तर आवर्जून लावा.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे स्टिक प्रोजेक्टरलाच लावायची, वीज जवळच्या बोर्डातून द्यायची आणि आवाज प्रोजेक्टरच्या ऑडिओ आउटमधून साध्या वायरने स्पीकरला न्यायचा. आवाजाची वायर दहा मीटर गेली तरी कुरकुर करत नाही. ४केच हवं असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्या. ती एकाच दिशेने चालते. ‘सोर्स’ लिहिलेलं टोक स्टिककडे, ‘डिस्प्ले’ लिहिलेलं प्रोजेक्टरकडे. उलटी लावली तर काहीच दिसत नाही आणि महागाची केबल खराब निघाली असं वाटतं. जुना व्हीजीएवाला प्रोजेक्टर मात्र स्टिकसाठी वापरू नका. एचडीएमआयचं व्हीजीए करणारा कन्व्हर्टर एचडीसीपी पाळत नाही, मेन्यू दिसेल आणि सामना लावला की अंधार.

आवाज, आणि आपोआप चालू होणारा टीव्ही

चित्र आहे, मेन्यूचा टकटक आवाजही येतो, पण चित्रपट लावला की शांतता. स्टिक डॉल्बी पाठवते आणि टीव्ही किंवा साउंडबारला ते उलगडता येत नाही. ऑडिओ सेटिंगमध्ये सराउंड साउंड ‘पीसीएम’ (कोणत्याही टीव्हीला कळणारा साधा आवाज) करा, आवाज येईल. साउंडबार एआरसीवर असेल तर केबल दोन्हीकडे ‘एआरसी’ लिहिलेल्या पोर्टातच हवी. डॉल्बी डिजिटल प्लस, म्हणजे या अ‍ॅप्सचं अ‍ॅटमॉस, साध्या एआरसीवरूनही जातं; त्यासाठी ईएआरसीचा (एआरसीच्या पुढच्या आवृत्तीचा) महाग टीव्ही घ्यायची गरज नाही. स्टिक साउंडबारच्या एचडीएमआय इनमध्ये लावली तर साउंडबार ४के एचडीआर पुढे सोडतो का ते आधी बघा. शंका असेल तर स्टिक टीव्हीला, टीव्हीतून एआरसीने साउंडबारला, ही जोडणी कमी कटकटीची.

रात्री टीव्ही आपोआप चालू होणं किंवा बातम्या बघताना इनपुट स्टिकवर उडी मारणं, हा सीईसीचा खेळ. १३ नंबरच्या एकाच पिनवर सगळी उपकरणं एकमेकांना हुकूम देतात. सॅमसंग त्याला एनीनेट+ म्हणतं, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. सगळं बंद करू नका, साउंडबारचा आवाज रिमोटवरून जायचा थांबेल. आधी सेट-टॉप बॉक्सचं सीईसी बंद करा, मग स्टिकचं ‘एचडीएमआय सीईसी डिव्हाइस कंट्रोल’. स्टिकच्या रिमोटमध्ये इन्फ्रारेडही आहे, त्यामुळे टीव्हीचा आवाज आणि पॉवर बटण तरीही चालतं.

वळीव, पाऊस आणि पूर

कोल्हापूरच्या हवेत एचडीएमआयचे दोन शत्रू. एप्रिल-मेच्या वळवाची वीज केबल टीव्हीच्या किंवा डिशच्या कोअ‍ॅक्स वायरीवरून सेट-टॉप बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयने टीव्हीत शिरते. मेन स्विच बंद केला तरी ती वायर जोडलेलीच राहते. गडगडाट सुरू झाला की कोअ‍ॅक्सची पिन काढा. जुन्या घरांत अर्थिंग नसलेल्या दोन पिनांच्या पॉइंटवर टीव्ही असेल तर धोका वाढतो. केबल लावताना बोटाला झिणझिण्या आल्या तर ते अर्थिंग नसल्याचं लक्षण समजा आणि आधी वायरमनला बोलवा. या धक्क्यांनी टीव्हीचा एकच पोर्ट मरतो, शेजारचा चालू राहतो. ‘एक नंबर मेला’ म्हणून लगेच बोर्ड बदलायची घाई करू नका, दुसरा पोर्ट वापरा.

दुसरा शत्रू ओल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी गाठते तेव्हा नदीकाठच्या गल्ल्यांत सामान वर हलवायची धांदल उडते. टीव्ही भिंतीवरून निघतो तो बरेचदा एचडीएमआय मागे लावलेली असतानाच, आणि पोर्ट तिथेच वाकडा होतो. टीव्ही उचलण्याआधी सगळे प्लग सरळ ओढून काढा, हलवत-हलवत नाही. स्टिक, एक्स्टेंडर, अ‍ॅडॅप्टर एका झिपच्या पिशवीत टाका. पाणी ओसरल्यावर ओलसर खोलीत परत लावताना घाई नको. पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. पिना चकचकीत दिसल्या पाहिजेत. त्यावर हिरवट थर असेल तर वीज पूर्ण काढून, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशला लावून हलकेच पुसा, अर्धा तास वाळू द्या. टाचणी, सुई, चाकूचं टोक आत घालू नका. मधली पातळ पट्टी मोडली की पोर्ट गेलाच.

दुसरी स्टिक घ्यावी का

शाओमीची ४के स्टिक घडणीने अशीच आहे, तिलाही ५ व्होल्ट १ अँपियर लागतो आणि वर लिहिलेलं जवळपास सगळं तिला लागू पडतं. बटणांची जोडणी तेवढी वेगळी. गूगल टीव्हीवालं क्रोमकास्ट जोडणीच्या दृष्टीने जास्त शहाणं होतं, एचडीएमआयची शेपटी अंगचीच, त्यामुळे एक्स्टेंडरचा जोडच नाही. पण गूगलने २०२४ मध्ये क्रोमकास्टचं उत्पादन थांबवलं. आता नवं म्हणून विकायला ठेवलेलं दिसलं तर बिल आणि वॉरंटी नीट बघा. टीव्ही फुल एचडी किंवा एचडी रेडी असेल तर ४के मॉडेलवर जास्त पैसे घालू नका, साधी एचडी स्टिक घ्या. उरलेल्या पैशात चांगला स्पाइक गार्ड येतो, आणि स्टिकचा अ‍ॅडॅप्टर लावायला टीव्हीजवळ एक जादा सॉकेटही मिळतं.